व्रत एक, पंथ दोन

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. १९७२ साली तिथे दोन वेगवेगळ्या संघांच्या धर्मभगिनी एकत्र राहू लागल्या. एक संघ रोमन कॅथलिक, १८०० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला सेक्रेड हार्टचा. दुसरा अँग्लिकन, १८४८ साली इंग्लंडमधल्या वाँटेज गावी सुरू झालेला सेंट मेरी द व्हर्जिनचा. दोघींची व्रते तीच तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पण आज्ञा कोणाची पाळायची, या प्रश्नाला दोघींची उत्तरे वेगळी होती. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने पोपशी नाते तोडले, तेव्हापासून ही दोन चर्चे विभक्त आहेत. १८९६ साली पोप तेरावे लिओ यांनी तर अँग्लिकन धर्मगुरूंच्या दीक्षाच निरर्थक ठरवल्या, आणि तो निर्णय रोमने अजून मागे घेतलेला नाही. असे असताना या स्त्रियांनी एका घरात राहायचे, एकत्र प्रार्थना करायची असे ठरवले.

या आश्रमाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. आपल्याला ख्रिस्ती समाजाची शाळा माहीत असते, दवाखाना माहीत असतो, नाताळ माहीत असतो. त्याच्यातला संन्यास सहसा माहीत नसतो. मला हा आश्रम मोलाचा वाटतो तो यासाठी, की मतभेद मिटेपर्यंत थांबायचे नाही आणि मतभेद नाहीत असे भासवायचेही नाही, ही अवघड वाट त्याने धरली. तिची मुळे शोधत गेले की पंडिता रमाबाई भेटतात, नारायण वामन टिळक भेटतात.

संन्यस्त ख्रिस्ती माणसे मराठी मुलखात पहिल्यांदा आली ती पोर्तुगिजांबरोबर. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही संघांची घरे होती. त्यांची पडकी चर्चे अजून उभी आहेत. गोन्सालो गार्सिया वसईतलाच. तो जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारात पडला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि किल्ल्यातले मठ ओस पडले. गावोगावचे ख्रिस्ती लोक मात्र राहिले, ते आजवर.

इंग्रज आले तेव्हा त्यांच्या धर्मात मठ उरलेच नव्हते. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत इंग्लंडमधले सगळे मठ बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या होत्या. संन्यासाच्या व्रताला बायबलचा आधार नाही, असे ल्यूथरचेही म्हणणे होते. म्हणून १८१३ पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी बायकामुलांसह येत, बंगल्यात राहत. संसार करणारा धर्मोपदेशक हाच त्यांचा आदर्श होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये वारे फिरले. अँग्लिकन चर्चमधल्या काहींना जुन्या, अखंड चर्चची ओढ लागली आणि तीनशे वर्षांनी तिथे पुन्हा व्रतस्थ संघ उभे राहिले. ऑक्सफर्डजवळच्या कौली गावी १८६६ साली निघालेल्या पुरुषांच्या संघाचे फादर १८७४ मध्ये मुंबईला आले. पुढे पुण्याच्या पंचहौद मिशनवर त्यांनी काम उभे केले, आणि १८७७ मध्ये त्यांच्या मदतीला वाँटेजच्या सिस्टर आल्या. १८९० साली लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह पुण्यातली मातब्बर मंडळी ज्या चहामुळे ग्रामण्यात सापडली, तो चहा याच पंचहौद मिशनमधला. पुणेकरांच्या आठवणीत मिशनचे नाव त्या पेल्यापुरते उरले, याचे वाईट वाटते. त्या आवारात त्याहून मोठा वाद चालला होता.

त्या वादाच्या केंद्रस्थानी पंडिता रमाबाई होत्या. पुण्यात त्यांची वाँटेजच्या सिस्टरांशी ओळख झाली. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेजला गेल्या आणि २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टर चालवत असलेले निराधार, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीचे घर पाहून आपण हललो, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितले आहे. संन्यस्त स्त्रियांच्या सेवेने त्यांना ओढून घेतले; संन्यस्त स्त्रियांच्या शिस्तीने मात्र त्यांची कोंडी केली. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे, म्हणून रमाबाईही पत्रांत त्यांना आजीबाई म्हणू लागल्या. या आजीबाईंना रमाबाईंनी लिहिलेली पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि ती वाचताना सव्वाशे वर्षांहून जुनी वाटत नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत मला पटवून द्या, एवढ्यावर त्या थांबत नाहीत. एकाच ख्रिस्ताची नावे घेणारे इतके पंथ असताना मी तुमच्याच चर्चची मते डोळे मिटून का मानू, असे त्या विचारतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे त्यांना नको होती. तिथे संस्कृत का नसावे, हा त्यांचा प्रश्न होता. मांसाहारही त्यांनी पत्करला नाही. जेराल्डिनबाईंना या सगळ्यात अहंकार दिसला. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या बाईला श्रद्धा म्हणजे पूर्वजांकडून आलेली ठेव वाटते, ती जशीच्या तशी सोपवायची असते. रमाबाईंना ती पारखून घ्यायची होती. त्या पुढे कोणत्याच एका पंथाच्या झाल्या नाहीत, केडगावचे मुक्ती मिशनही त्यांनी पंथाच्या चौकटीबाहेर ठेवले.

याच वादात नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचाही वाटा आहे. बनारसमध्ये वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, नेहेम्या हे नाव त्यांनी घेतले, आणि पुढे कौली फादरांच्या संघात नोव्हिस म्हणून दाखल झाले. सहा दर्शनांचे खंडन करणारा 'षड्दर्शनदर्पण' हा ग्रंथ त्यांचा. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, यावर त्यांनी रमाबाईंना लिहिले, आणि त्या लेखनाने रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम केला. गोऱ्हे सनातन ख्रिस्ती मताला चिकटून होते, त्यात एका अक्षराची सूट द्यायला तयार नव्हते.

आश्रमाची दुसरी धारा नारायण वामन टिळकांपासून निघते. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे ज्या पंथात संन्यास नव्हताच त्या पंथाचे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे शिष्य तिथे यावेत, ही त्यांची कल्पना. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार तिथेच थांबला. पण अहमदनगरला काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याच्या मनात तो घर करून राहिला. विन्स्लोंनी टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहिले, ते १९२३ मध्ये निघाले. त्याच्या आदल्या वर्षी, जून १९२२ मध्ये, त्यांनी अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. भारतीय आणि इंग्रज, ब्रह्मचारी आणि संसारी, सगळे एका घरात, खादी घालून, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण जेवतील असा हा संघ. मिशनऱ्याने बंगल्यात राहायचे आणि मराठी ख्रिस्ती माणसाने त्याच्या पगारावर राहायचे, या रीतीतून सुटण्याचा तो मार्ग होता. तमिळ मुलखात तिरुपत्तूरला १९२१ मध्ये जेसुदासन आणि पॅटन या दोन डॉक्टरांनी आश्रम काढला होता. त्यानंतर लगेचच हा.

विन्स्लोंची आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. १९२० मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह भारतीय चर्चसाठी प्रभुभोजनाचा वेगळा विधी सुचवला. इंग्लंडचे प्रार्थनापुस्तक मराठीत आणून वापरणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी आधार घेतला केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या उपासनेचा, संत याकोबाच्या नावाने चालत आलेल्या पूर्वेकडच्या विधीचा. मुंबईच्या बिशपांनी तो प्रयोगादाखल वापरायला परवानगी दिली. म्हणजे मराठी अँग्लिकनांच्या वेदीवर पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेची प्रार्थना आली. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन या तिघांच्या मतांगीकारात जे समान आहे ते नायसियाच्या चौथ्या शतकातल्या मतांगीकारात आहे. त्यात पश्चिमेने पवित्र आत्म्याविषयी एक शब्द वाढवला आणि त्यावरून पूर्व-पश्चिम शतकानुशतके भांडत राहिली. भारतासाठी उपासना शोधताना विन्स्लो त्या भांडणाच्या मागे जाऊन उभे राहिले, ही साधी गोष्ट नव्हती.

१९२७ च्या सुमारास संघ पुण्यात आला, आणि त्याच वेळी इंग्लंडहून ताज्या दमाची मंडळी आली. ऑक्सफर्डचा व्हेरियर एल्विन त्यांच्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. १९२८ च्या जानेवारीत तो साबरमतीला गेला आणि गांधीजींचा झाला. १९३१ मध्ये विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी एल्विन, संघातलाच मराठी तरुण शामराव हिवाळे याला घेऊन, मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. राजाशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय नागपूरचे बिशप त्याला काम करण्याचा परवाना देईनात. ती शपथ त्याने घेतली नाही. १९३५ मध्ये त्याने चर्च सोडले. आज्ञापालनाच्या व्रतात परक्या सरकारचे आज्ञापालन मिसळले की काय होते, त्याचे हे उदाहरण.

संघातही दोन मने होती. विन्स्लोंना दरबाराच्या वळणाचे, संसारी माणसांनाही जागा असलेले कुटुंब हवे होते. नव्या मंडळींना संत फ्रान्सिसच्या पद्धतीचा व्रतस्थ संघ. १९३४ मध्ये वाट दुभंगली. विन्स्लो इंग्लंडला परतले. पुण्यातला आश्रम ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने विल्यम लॅश यांच्याकडे राहिला. लॅश १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले. अल्जी रॉबर्टसन नावाचा त्यांचा एक सोबती प्रकृतीमुळे आधीच, १९३० मध्ये, इंग्लंडला परतला होता. तिथे त्याने सुरू केलेली शाखा १९३७ मध्ये दुसऱ्या एका फ्रान्सिस्कन बंधुसंघात मिळाली आणि आजची अँग्लिकन सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस तयार झाली. तिच्या ब्रदर-सिस्टरांची जी आचारतत्त्वे आहेत, ती ख्रिस्त सेवा संघाच्या तत्त्वांवरून घेतलेली आहेत. संन्यासाचे धडे पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात असे आपण धरून चालतो. इथे ते पुण्याहून तिकडे गेले.

मग १९७२. त्याआधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिकांना इतर ख्रिस्ती लोकांशी बोलायला मोकळीक दिली; १९६९ मध्ये भारतीय चर्चला आरती, जमिनीवरची बैठक, अशा रीती उपासनेत आणायला रोमची मान्यता मिळाली. इकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर प्रॉटेस्टंट पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. या वाऱ्यात सेक्रेड हार्टच्या वंदना माताजी आणि सारा ग्रँट यांनी वाँटेजच्या सिस्टरांबरोबर आश्रमाची नव्याने घडी बसवली. वंदना माताजी मूळच्या पारशी, मुंबईच्या सोफिया कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या, आश्रमाच्या पहिल्या आचार्य; पुढे त्या हिमालयाच्या बाजूला गेल्या. सारा ग्रँट स्कॉटिश, १९५६ पासून भारतात, तत्त्वज्ञानाच्या अध्यापक. वंदना माताजींनंतर आचार्यपद त्यांच्याकडे आले.

एकत्र राहण्याची कसोटी तत्त्वचर्चेत लागत नाही, ती रोजच्या दिवसात लागते: पहाटेचे मौन, तिन्हीसांजेची प्रार्थना, भांडी, भाजी, आजारपण, पाहुणे. आणि सगळ्यांत बोचरी कसोटी प्रभुभोजनाची. कॅथलिक नियमाप्रमाणे एरवी अँग्लिकन वेदीवरचा प्रसाद कॅथलिकाने घ्यायचा नसतो, आणि अँग्लिकनाला कॅथलिक मिस्सात तो द्यायचा नसतो. फ्रान्समध्ये तेझे गावी १९४० मध्ये ब्रदर रॉजे यांनी सुरू केलेल्या, प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक ब्रदर असलेल्या मठालाही याच भिंतीशी झुंजावे लागले. एका ताटात जेवणाऱ्यांना एका वेदीपाशी बसता येऊ नये, हे दुःख बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पंक्तिभेद पाहिलेल्या मराठी माणसाला कदाचित कळेल. ते दुःख चुकवण्याचा सोपा मार्ग म्हणजे श्रद्धेच्या प्रश्नांना महत्त्वच न देणे. सारा ग्रँट यांनी तो घेतला नाही. सत्य एकच आहे असे मानणाऱ्यालाच वेगळ्या वेदीची खंत वाटते.

त्यांनी शांकरभाष्यातल्या 'संबंध' या कल्पनेवर अभ्यास केला, १९८९ मध्ये केंब्रिजला टीप व्याख्याने दिली, आणि त्यांवरच्या पुस्तकात स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हटले. २००० साली त्या गेल्या, सेक्रेड हार्टच्या व्रतातच. गोऱ्हे यांनी ख्रिस्ताला धरण्यासाठी वेदान्ताचे खंडन करणे आवश्यक मानले होते. सारा ग्रँट यांना शंकराचार्य वाचल्याने ख्रिस्त अधिक कळला. त्रैक्य आणि देहधारण यांवर दोघांचाही विश्वास होता. समोरासमोर बसले असते तर गोऱ्हे यांनी त्यांना सोडले नसते, शब्दाशब्दाला प्रमाण मागितले असते. तो वाद मराठीत व्हावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्यासाठी आधी सारा ग्रँट यांचे ते छोटे पुस्तक कोणीतरी मराठीत आणायला हवे.