नटाचा रेझ्युमे संशोधनाच्या अर्जाला का चालत नाही?

नाट्यशास्त्रात एमए करून पीएचडीच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांकडे एक रेझ्युमे आधीच तयार असतो, ऑडिशनसाठी केलेला. तोच थोडाफार बदलून अर्जाला जोडायचा मोह होतो. तसं करू नका, आणि का करू नका ते नीट समजून घ्या.

नटाचा रेझ्युमे हा काही सेकंदांत वाचून बाजूला ठेवायचा कागद आहे. अमेरिकेत तर तो 8 बाय 10 इंची फोटोच्या मागे बसेल एवढाच करतात. एकच पान, आणि त्यावर तीन रकाने: नाटक किंवा सिनेमा, भूमिका, संस्था किंवा दिग्दर्शक. वर्षं सहसा लिहीत नाहीत. आपल्याकडे मुंबईत त्याचा 'प्रोफाइल' होतो. फोटो, उंची, कोणत्या वयाच्या भूमिका करू शकता, भाषा, कामाच्या क्लिपची लिंक. वाचणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: ही व्यक्ती या भूमिकेत बसते का?

संशोधन समितीचा प्रश्न वेगळा. तुम्ही काय पाहिलंत, आणि त्यातून कोणता प्रश्न तुमच्या हाती लागला?

एक उदाहरण घ्या. समजा, तुम्ही कॉलेजच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांच्या रांगेत होता. नटाच्या रेझ्युमेत ही ओळ दुबळीच. नाव नसलेली भूमिका, समूहात उभं राहणं. कास्टिंगवाला तिथे थांबणारच नाही. पण 1972 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या या नाटकाचा कणाच ती माणसांची भिंत आहे. ती कधी पडदा होते, कधी गर्दी. तुम्ही त्या भिंतीत उभे होता, म्हणजे ती श्वासावर चालते की तालावर, एक जण चुकला तर बाकीचे कसं सावरतात, हे तुम्हाला शरीराने माहीत आहे. प्रेक्षागृहात बसलेल्या अभ्यासकाला हे सहज मिळत नाही. संशोधनाच्या सीव्हीत ही ओळ वर यायला हवी, वर्ष, ठिकाण, प्रयोगसंख्या आणि तालमीचं स्वरूप यांच्यासकट. मुख्य भूमिका खाली गेली तरी चालेल. (हे पचायला जरा जड जातं, नट आहोत ना!)

भाषांचंही तसंच. ऑडिशनच्या कागदावर 'मालवणी' लिहिलंत तर कोणीही म्हणेल, बोला दोन वाक्यं. न येणारी बोली लिहू नये हे उघडच आहे. पण येत असेल, तर दशावतारी कलावंतांच्या मुलाखती दुभाष्याशिवाय घेता येतील, हे संशोधनाच्या सीव्हीत स्पष्ट लिहा. झाडीबोली येणाऱ्याला गडचिरोली-चंद्रपूरकडच्या झाडीपट्टी रंगभूमीवर काम करताना हाच फायदा आहे.

उंची, वय, फोटो काढून टाका. शिक्षण, एमएच्या प्रबंधिकेचं शीर्षक, वाचलेले निबंध, नेट हे आधी. दोन दिवसांच्या दहा कार्यशाळांची यादी तर कोणीच वाचत नाही. ज्या एकीने तुमची काम करायची पद्धत बदलली तेवढीच ठेवा.

स्पर्धांबद्दल मात्र काटेकोर राहा. 'पुरुषोत्तम करंडक, सहभाग' एवढं पुरत नाही. कोणतं वर्ष, प्राथमिक फेरी की अंतिम, तुमचं काम अभिनयाचं की प्रकाशयोजनेचं? आणि प्रत्येक ओळीमागे कागद हवा: हस्तपत्रिका, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात. संस्था बंद पडतात, व्हॉट्सॲपवरचे फोटो उडतात. आजच स्कॅन करून ठेवा.

नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश असेल, तर 70 टक्के भार गुणांना आणि 30 टक्के मुलाखतीला असतो. मुलाखतीत समोर तुमचा हा कागदच असतो. त्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून 'यातून काय कळलं?' असं विचारलं जाईल. जिथे उत्तर सुचत नाही, ती ओळ अर्ज पाठवण्याआधीच काढा.