चैतातल्या जत्रा आणि गावाचा मान

उरुण-इस्लामपूरचा संभूआप्पा-बुवाफन उरूस दिवाळी सरल्यावर भरतो. बुवाफन गुरू, संभूआप्पा शिष्य. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, आणि दोघांच्या नावाचा उरूस एकच. शहराचं नाव 2025 मध्ये बदलून ईश्वरपूर झालं, उरुसाचं जोडनाव मात्र आहे तेच आहे. दिवाळीनंतर तिथे पाळण्यांचे सांगाडे उतरायला लागतात. पण भोवतीच्या वाळवा तालुक्यातल्या बहुतेक गावांना आपला देव भेटतो तो ऐन उन्हाळ्यात.

त्याचं कारण शिवारात आहे. शाळू मळून झालेला असतो, गहू-हरभरा घरात आलेला असतो, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपतो आणि पोरांच्या परीक्षाही उरकतात. हातात थोडा पैसा आणि थोडी सवड, दोन्ही एकदमच येतात. मग मुंबईकर निघतात. एके काळी गिरणीतली माणसं निघायची; 1982 च्या संपानंतर ती गर्दी विरली. आज नवी मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी निघतात. सातारा-सांगलीकडची ही माणसं दिवाळीला एखादे वेळी चुकतील, जत्रेला चुकणार नाहीत. घरटी पट्टी त्यांच्याही नावावर असते. पट्टी भरली की तो गावचा, मग वर्षभर राहायला कुठेही असो.

जत्रेचा साचा ठरलेला. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा निवद, रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी खारा निवद आणि दारात येईल त्याला मटणाचा रस्सा. दुपारी कुस्त्यांचं मैदान: आधी नारळावरच्या पोरांच्या कुस्त्या, शेवटी मोठ्या इनामाची. रात्री तमाशा. पंचकमिट्या नारायणगावच्या राहुट्यांतून फड ठरवतात, सुपारी देतात. या तालुक्याला तमाशाचं अगत्य असायलाच हवं. पठ्ठे बापूरावांचा जन्म इथल्याच रेठरे हरणाक्षचा, 1866 चा.

आणि जत्रेवर मराठीत जे सगळ्यात जळजळीत लिहिलं गेलं तेही इथलंच. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली आली. तिची सुरुवातच जत्रेवरून होते. जोगणी शिगावची, ती ज्याच्या शिवेत येईल त्याची जत्रा. ती वाटेगावसाठी आणताना राणोजी मांगाचा जीव जातो. गावाची शान वाढते, आणि त्यासाठी रक्त सांडतं ते गावकुसाबाहेरच्या माणसाचं. जत्रेतल्या मानाबद्दल बोलताना मला ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

ईश्वरपूरहून दहा-बारा किलोमीटरवर बहे आहे. कृष्णा तिथे दुभंगते, मधल्या बेटावर रामलिंग. पूर चढला तेव्हा मारुतीने दोन्ही बाहूंनी पाणी अडवलं म्हणून नदीच्या दोन धारा झाल्या, असं लोक सांगतात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. रामनवमीला बेटावर पाय ठेवायला जागा नसते. पात्रात खडक उघडे पडलेले, गुडघाभर पाण्यात पोरं डुंबतात, बायका कडेला बसून शिदोरी सोडतात. वरच्या अंगाला वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीलाच बगाड होऊन गेलेलं असतं. दगडी चाकांचा तो गाडा कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून बैल ओढत आणतात, आणि उंच शिडावर नवसाचा बगाड्या टांगलेला असतो. शिखर शिंगणापूरला चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडच्या भुतोजी तेल्याची कावड मुंगी घाट चढते. माणसांची साखळी करून ती वर घेतात.

या सगळ्यांचा कळस जोतिबाच्या वाडी रत्नागिरीवर, चैत्र पौर्णिमेला. पहिल्या मानाची सासनकाठी सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची. काठी जवळून पाहावी. तीस-चाळीस फुटांचा, काही वेळा त्याहून मोठा वेळू, त्याला कापड गुंडाळलेलं, शेंड्याला झुपका. धरणारा एक, तो पोटाजवळ बुंधा घेऊन नाचवतो. पण काठी उभी राहते ती चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांवर, तोरण्यांवर. एका बाजूची तोरणी सैल झाली की समोरच्याने तितकीच सोडायची, नाहीतर काठी माणसांवर. दोर धरणाऱ्यांचे तळहात गुलालाने आणि काथ्याने एकसारखे लाल झालेले असतात. डोळे वर, पाय अंदाजाने, तोंडाने ‘चांगभलं’. तोरणीवाल्यांचे फोटो कुणी काढत नाही.

मला जत्रा कळते ती इथे. देव गावाचा खराच, पण जत्रा उभी राहते मानकऱ्यांवर: पालखी कुणी उचलायची, दिवटी कुणी धरायची, पहिली पान-सुपारी कुणाची. या वाटणीत आपला वाटा ठरलेला आहे म्हणून माणूस नवी मुंबईहून एका रात्रीत गावी पोचतो. कर्ण्यांच्या भिंती आणि पुढाऱ्यांचे फलक काढून टाका, जत्रेचं काही बिघडत नाही. एक मानकरी रुसला तर पालखी वेशीत थांबते.

पण ही वाटणी जुन्या गावाची आहे, त्या गावाच्या उतरंडीसकट. हलगी ज्यांनी वाजवायची त्यांना पंचकमिटीत किती ठिकाणी जागा मिळते? नैवेद्य रांधणाऱ्या बायांना हिशेबाच्या बैठकीला किती गावांत बोलावतात? जे राबतात त्यांना मान मिळायलाच हवा, आणि तो देण्याचा अधिकार गावाकडेच आहे. एकाच उरुसात दोन धर्मांचे गुरु-शिष्य ज्या मुलखाने सांभाळले, त्याला हे अवघड नाही.

मानांची ही यादी बहुतेक गावांत कुठेही लिहिलेली नाही. ती म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. येत्या चैतात गावी जाल तेव्हा छबिना निघण्याआधी तासभर पारावर बसा. कुणाचा काय मान, कधीपासून आणि का, हे विचारा, वहीत उतरवा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.