केबल पंचायतीपर्यंत आली, वाड्यावर कधी येणार?

मंडळी, 1 जून ते 31 जुलै हे बंदीचे दिवस म्हणजे आपले जाळी शिवायचे आणि कागद पुरे करायचे दिवस. जाळी अजून हातानेच शिवतात. कागद मात्र सगळे ऑनलाइन गेले. होडीची नोंदणी, परवाना ‘रिअलक्राफ्ट’वर. केंद्राच्या योजनांसाठी नाव घालायचे ते मत्स्यव्यवसायाच्या राष्ट्रीय डिजिटल पोर्टलवर, 2024 पासून. आणि हे करायला घरात नेट?

केरी, हरमल, मोरजीच्या वाड्यांवरचे आणि डिचोलीत नार्वे-सारमानसकडचे सभासद ऑफिसात येतात, तेव्हा आम्ही मुद्दाम विचारतो. उत्तर बहुतेक एकच येते. कंपनीला फोन केला, माणूस आला, वर खांबाकडे बघितले, “फिजिबल नाही” म्हणाला आणि गेला. एका सभासदाकडे तर असे तीनदा झाले. घरापासून रस्त्यावरची केबल दिसते हो!

हे ‘फिजिबल नाही’ म्हणजे काय, ते समजून घ्या. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट यायचे. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर लांब गेलात की त्याचा जीव जायचा, आणि पावसाळ्यात सांधे गंजले की तेही बंद. तेव्हा ‘घर लांब आहे’ हे कारण खरे होते. आताची फायबर म्हणजे काचेची बारीक तार, तिच्यातून उजेड जातो. ती वीस किलोमीटरपर्यंतही आरामात चालते आणि एकाच तारेला फाटे फोडून 32, 64 घरे जोडता येतात. म्हणजे अडचण अंतराची नाही, घरांच्या संख्येची आहे. एका घरासाठी काजूच्या बागायतीतून सात-आठशे मीटर केबल ओढायची, खांब घालायचे, झाड पडून तुटली की परत माणूस पाठवायचा. दरमहा पाच-सातशे रुपयांत ते कंपनीला परवडत नाही. तोंडावर कोण सांगणार? म्हणून ‘फिजिबल नाही’.

मग सरकारी केबलचे काय? केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली, 2015 मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. गोव्यात तर राज्याचे स्वतःचे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क त्याच्याही आधीपासून पंचायतींपर्यंत पोचवायला घेतले होते. पण या योजनांची मजल मुख्यतः पंचायतीपर्यंत. तिथून वाड्यापर्यंतचे काम कोणाचे, हा प्रश्न राहिलाच. 2023 मध्ये केंद्राने भारतनेटसाठी आणखी 1.39 लाख कोटी रुपये मंजूर केले, त्यात पंचायतीच्या पलीकडची गावेही धरली आहेत. वाड्यांपर्यंत त्यातले काय येते ते बघू.

आपल्याकडची खरी गोम खांबात आहे. जांभ्या दगडात चर खणणे महाग, म्हणून केबल खांबावरूनच येते. खांब वीज खात्याचे. परवानगीविना त्यांच्यावरून ओढलेल्या केबलींचा वाद गोव्यात किती गाजला ते तुम्हाला ठाऊक आहे. नवीन खांब घालायचा तर तो कोणाच्या तरी भाटातून जाणार, आणि भाटकार मुंबईत नाहीतर पोर्तुगालात. सहीसाठी वर्ष जाते.

मोबाइलवर भागवा म्हणतात. केरी-तेरेखोलला फोन कधी आपला टॉवर पकडतो, कधी नदीपलीकडचा महाराष्ट्रातला. दोन्ही एकाच सर्कलमध्ये, म्हणून बिलाचा त्रास नाही, पण फॉर्म अर्ध्यावर असताना रेंज गेली की ओटीपी वाया. (टॉवर नको म्हणून ग्रामसभेत ठराव घेणारे गावही तेच आणि रेंज नाही म्हणून ओरडणारेही तेच, हे जाता जाता.)

यात नुसते फॉर्म नाहीत. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे त्याची दिशा, अंतर, खोली येते. वाऱ्याचा, लाटांचा इशारा येतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा खांब पडले, कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही जागोजागी मुके झाले. म्हणून फायबर आली तरी तिच्या डब्याला एक छोटी बॅटरी लावाच, आणि होडीवरचा व्हीएचएफ चालू ठेवा. नेट आले म्हणून रेडिओ काढून टाकू नका.

आता काय करायचे? एकेकट्याने फोन करणे बंद. कंपनीला घरे मोजायची आहेत ना, मग आपण मोजून देऊ. एका वाड्यातून पंधरा-वीस घरांचा एकत्र अर्ज गेला, भाटकाराची संमती आधीच जोडलेली असली, तर हिशेब बदलतो. शिवाय 2023 पासून किमान 2 एमबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचे असा केंद्राचा नियम आहे. कमी मिळत असेल तर वेग मोजून स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीला लागतो.

यादी आम्ही करायला घेतली आहे. वाड्याचे नाव, घर नंबर, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर आणि तिथून घरापर्यंत साधारण किती पावले, एवढे चिठ्ठीवर लिहून 15 जुलैपर्यंत ऑफिसात द्या. फोन लागत नसेल तर जेटीवर भेटणाऱ्या कोणाकडेही चिठ्ठी दिली तरी चालेल. पुढच्या ग्रामसभेत यादी घेऊन आम्ही उभे राहणार आहोत, वाड्यातले चार जण तरी सोबत या.