नोकरदार प्रौढ आणि व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी : अपूर्णतेची कारणे व पूर्ततेचे मार्ग

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत, पतसंस्थेत किंवा मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर शिक्षणाची चौकशी केली असता 'एफ.वाय. झाले आहे', 'एस.वाय.चे दोन विषय राहिले', 'लग्नामुळे टी.वाय. सुटले' अशी उत्तरे हमखास ऐकू येतात. पदवीधर आणि पदवी नसलेला असे दोनच वर्ग कागदोपत्री मानले जात असले, तरी प्रत्यक्षात या दोहोंच्या मधोमध अर्धवट पदवी बाळगून असलेला फार मोठा वर्ग आहे. पर्यवेक्षकाच्या पदावर बढती, बँकेतील लिपिकाची जागा, स्पर्धा परीक्षेची पात्रता अशा प्रत्येक वळणावर या वर्गाला अपूर्ण राहिलेल्या त्या गुणपत्रिकेची आठवण होते. वीस वर्षे माणसे सांभाळण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीला तिच्या हाताखाली शिकलेल्या तरुणाचा वरिष्ठ म्हणून स्वीकार करावा लागतो, तो केवळ एका प्रमाणपत्राच्या अभावी.

अशा प्रौढ व्यक्तीस बी.बी.ए. अथवा तत्सम पदवी नोकरी न सोडता कशी पूर्ण करता येते, ती नेमकी कोठे अडते आणि त्यात महाविद्यालयीन अध्यापकाचा वाटा कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रवेश मिळणे ही या प्रश्नातील मुख्य अडचण आता राहिलेली नाही. अडचण आहे ती प्रवेशानंतरच्या वेळेची.

पूर्वपीठिका

कष्ट करणाऱ्यांसाठी शिक्षणाची वेळ बदलावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये श्रमिकांसाठी रात्रशाळा चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यामागे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय हाच हेतू होता. 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठाने आणि 1971 मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाचा मार्ग उघडला. पुढे 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

या सर्व प्रयत्नांनी अध्ययनाची घटिका बदलली, काहींनी वर्गखोलीची अटही काढून टाकली. तथापि वेळ बदलणे आणि वेळ मिळवून देणे या दोन भिन्न गोष्टी होत. सायंकाळी सहाला भरणारा वर्ग दुसऱ्या पाळीच्या कामगाराला दुपारी भरणाऱ्या वर्गाइतकाच दुर्मीळ असतो.

उपलब्ध मार्ग

पहिला मार्ग सकाळच्या अथवा रात्रीच्या महाविद्यालयाचा. शासनाच्या व विद्यापीठाच्या दृष्टीने हा नियमित अभ्यासक्रमच असतो. त्यामुळे 75 टक्के उपस्थिती, अंतर्गत मूल्यमापन, दर सहा महिन्यांनी सत्र परीक्षा हे सर्व लागू होते. शिवाय 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून बी.बी.ए., बी.एम.एस., बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. बारावी होऊन पंधरा वर्षे झालेल्या व्यक्तीने नुकत्याच बारावी झालेल्या मुलांबरोबर ही परीक्षा द्यावी, ही अपेक्षा कायद्याने समान असली तरी व्यवहारात समान नाही. याच काळात काही महाविद्यालयांनी जुन्या अभ्यासक्रमांची नावे बदलली. परिणामी मध्येच शिक्षण सोडलेला विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याच्या पदवीचे नावच फलकावरून नाहीसे झाल्याचे त्याला आढळू शकते.

दुसरा मार्ग दूरस्थ शिक्षणाचा आणि तिसरा ऑनलाइन पदवीचा. या दोन्हींचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार होते. मान्यताप्राप्त संस्थेकडून या पद्धतींनी मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तरीही 'बाहेरून केलेली पदवी' हा शब्दप्रयोग मुलाखतीच्या टेबलावरून अद्याप गेलेला नाही, आणि प्राध्यापकांच्या खोलीतूनही नाही.

मान्यतेची खातरजमा मात्र अर्जदाराने करणे अत्यावश्यक आहे. ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 रोजी जो निर्णय दिला, तो अभिमत विद्यापीठांनी पूर्वमान्यतेशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी होता. व्यवस्थापनाच्या पदवीला तो थेट लागू नसला, तरी त्यातील धडा लागू आहे. सेवेत असताना बढतीच्या आशेने पदवी घेतलेल्यांना अनेक वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ आली. संस्थेला मान्यता असणे पुरेसे नसते; तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट वर्षी, त्या विशिष्ट पद्धतीने चालविण्याची मान्यता असावी लागते.

तासांचा हिशेब

पदवी तीन वर्षांची, असे आपण सहज म्हणतो. परंतु श्रेयांक पद्धतीत पदवी वर्षांनी नव्हे, तर तासांनी मोजली जाते. तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 श्रेयांक आणि एका श्रेयांकासाठी वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्र असे सर्व मिळून 30 तासांचे अध्ययन धरले, तर एकूण 3,600 तास होतात. तीन वर्षांत ही पदवी पूर्ण करावयाची झाल्यास आठवड्याला सुमारे 23 तास लागतात. आठवड्याला 48 तास काम, त्यात जाण्यायेण्याचा वेळ आणि घरची जबाबदारी, ही बेरीज मांडल्यावर 23 तास शिल्लक राहणे जवळजवळ अशक्य आहे, हे सांगण्यास संख्याशास्त्राची गरज नाही.

हेच 3,600 तास सहा वर्षांवर पसरले, तर आठवड्याला साडेअकरा तास येतात. म्हणजे कामाचे सहा दिवस रोज सव्वा तास आणि सुट्टीच्या दिवशी चार तास. हे कठीण आहे, पण माणसाच्या आवाक्यातले आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने पदवीसाठी किमान तीन व कमाल सहा वर्षांची मुदत ठेवली, त्यामागील शहाणपण या हिशेबातून उमगते. नियमित पद्धतीतही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024 च्या अखेरीस विस्तारित कालावधीच्या पदवीची कल्पना स्वीकारली. तथापि तीत मिळणारी वाढ जास्तीत जास्त दोन सत्रांची आहे. तीनऐवजी चार वर्षे, आठवड्याला 23 ऐवजी 17 तास. नोकरदाराचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

दुर्दैवाने बहुतेक प्रौढ विद्यार्थी प्रवेशाच्या उत्साहात तीन वर्षांचीच प्रतिज्ञा करतात. पहिल्या सत्रात सर्व विषयांचे अर्ज भरतात, दोन विषय राहतात, दुसऱ्या सत्रात ते दोन आणि नवे विषय असा बोजा होतो, आणि तिसऱ्या सत्राचा अर्ज भरला जात नाही. याला बुद्धीचे अपयश म्हणणे अन्यायाचे आहे. आखणीच चुकलेली असते आणि ती चूक दाखविणारे कोणी भेटलेले नसते. प्रवेशाच्या खिडकीपाशी शुल्काची पावती देणारा कर्मचारी असतो. 'आठवड्याला आपल्याकडे किती तास आहेत?' असे विचारणारा समुपदेशक क्वचितच असतो.

विषयांच्या निवडीतही असाच विचार हवा. अडतीस वर्षांच्या व्यक्तीने गणिताचे पुस्तक बहुधा शाळेत असताना शेवटचे उघडलेले असते; व्यवसाय गणित, संख्याशास्त्र आणि लेखांकन हे विषय तिला जड जातात. याउलट विपणन, मानवी संसाधन, संघटनात्मक वर्तन यांतील प्रकरणे ती वाचण्यापूर्वीच जगलेली असते. जेथे मुभा आहे तेथे एका सत्रात एक जड व एक परिचित विषय घेणे हा साधा उपाय आहे. दोन्ही गणिती विषय एकाच सत्रात घेतल्यास अनुत्तीर्ण होण्याची शक्यता वाढते. सर्व सोपे विषय आधी उरकले, तर शेवटी केवळ जड विषयांचा डोंगर उरतो.

परीक्षेच्या महिन्याचाही संबंध येतो. पारंपरिक विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येतात. पतसंस्था, बँका व लेखा विभागांतील कर्मचारी 'मार्च एंड'च्या कामातून तेव्हा नुकतेच मोकळे झालेले असतात, किंवा झालेलेही नसतात. परीक्षेची तयारी करण्याचा महिना हाच त्यांच्या नोकरीतील सर्वांत ओढाताणीचा महिना ठरतो. जून व डिसेंबरमध्ये सत्रान्त परीक्षा घेणारी मुक्त विद्यापीठाची पद्धत त्यांना अधिक सोयीची पडते.

अर्धवट शिक्षणाचे काय?

ज्याने पूर्वी एक किंवा दोन वर्षे पूर्ण केली आहेत, त्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागावा काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम केले, ते या प्रश्नाचे अंशतः उत्तर होय. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. 40 श्रेयांकांवर प्रमाणपत्र, 80 वर पदविका आणि 120 वर पदवी, अशा पायऱ्याही ठरल्या आहेत. मात्र जी संस्था पदवी देणार, तेथे किमान निम्मे श्रेयांक मिळविणे आवश्यक आहे.

या योजनेची मर्यादा अशी की, ती 2021-22 व त्यानंतरच्या श्रेयांकांचा विचार करते. 2009 मध्ये द्वितीय वर्ष सोडलेल्या व्यक्तीचे श्रम या पेढीत जमा नाहीत. तिला जुन्या गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची प्रत घेऊन विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे समकक्षतेसाठी जावे लागते. मधल्या काळात पॅटर्न बदललेला असतो, जुन्या पॅटर्नच्या परीक्षा बंद झालेल्या असतात. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ पडते. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार पत्रावर सासरचे, आणि श्रेयांकांचे खाते आधाराशी निगडित. नावाचे राजपत्र, विवाह नोंदणी प्रमाणपत्र ही कागदपत्रे प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी नव्हे, तर काही महिने आधी जमविण्यास सांगणे, हे अध्यापक व कार्यालयीन सेवक यांना सहज शक्य आहे. एवढ्या एका सूचनेने एखादीचे वर्ष वाचते.

नोकरी हेच कार्यक्षेत्र

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023 रोजी काढलेल्या निर्णयात कार्यानुभव प्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प व समाजसंपर्क यांना श्रेयांक दिले आहेत. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी ही योग्यच तरतूद होय. परंतु दहा वर्षे भांडार विभाग सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला चार श्रेयांकांसाठी, म्हणजे 120 तासांसाठी, दुसऱ्या कंपनीत रजा काढून प्रशिक्षणार्थी म्हणून पाठविणे हास्यास्पद ठरेल. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवाचे मूल्य श्रेयांकांत धरण्याचे तत्त्व मान्य झालेले आहे. ते प्रत्यक्षात उतरविण्याचे काम मात्र महाविद्यालयाच्या पातळीवर, प्रकल्प मार्गदर्शकाच्या टेबलावरच होणार आहे.

येथे सावधगिरीही हवी. केवळ नोकरीचा दाखला आणला म्हणून श्रेयांक देणे म्हणजे पदवीचे अवमूल्यन होय. अनुभव आणि अध्ययन यांत फरक आहे. अनुभवाचे निरीक्षण, नोंद व विश्लेषण झाले म्हणजे त्याचे अध्ययन होते. समजा, एखादा कर्मचारी आपल्या भांडारातील माल किती दिवस पडून राहतो, मागणी नोंदविल्यापासून माल येईपर्यंत किती काळ जातो, कोणत्या वस्तूत पैसा अडकतो, याची तीन महिन्यांची नोंद ठेवतो आणि पाठ्यपुस्तकातील साठा नियंत्रणाच्या सूत्राशी ती ताडून पाहतो. असा प्रकल्प बाजारात विकत मिळणाऱ्या, मुखपृष्ठावर केवळ नाव बदललेल्या सुवर्णाक्षरी अहवालापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. मालकाची गोपनीय माहिती उघड होऊ नये म्हणून आकडे प्रमाणात मांडण्याची मुभा द्यावी. मूल्यमापन तोंडी परीक्षेत करावे. ज्याने काम केले आहे, तो पहिल्या दोन प्रश्नांतच ओळखू येतो.

अध्यापकालाही यात लाभ आहे. व्यवस्थापन शिकविणाऱ्या अनेकांचा कारखान्याशी संबंध वार्षिक औद्योगिक सहलीपुरताच आलेला असतो. वर्गातील एक नोकरदार विद्यार्थी तक्रार निवारणाचे प्रकरण शिकविताना जो प्रश्न विचारेल, तो कोणत्याही संदर्भग्रंथात सापडणार नाही.

संपर्क सत्रांची वेळ

दूरस्थ शिक्षणात सत्रान्त परीक्षेला किमान 70 टक्के भार असतो. स्वाध्यायांचा भार उरलेल्या गुणांपुरता. त्यामुळे विद्यार्थी स्वाध्याय कोणाचे तरी उतरवून काढतात आणि संपर्क सत्र टाळतात, अशी तक्रार अभ्यासकेंद्रांवर वारंवार होते. तक्रार खरी आहे. परंतु सत्राला न येण्याचे कारण दर वेळी अनास्था नसते. पिंपरी-चिंचवड, भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. संपर्क सत्रे मात्र नोकरदारांच्या सोयीसाठी म्हणून रविवारी ठेवली जातात. रविवारी हा कामगार यंत्रावर असतो आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. ज्या केंद्रावर अशा विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे, तेथे रविवारचेच सत्र गुरुवारी दुपारी पुन्हा घेण्यास नियमाची कोणतीही आडकाठी नाही. लागतो तो वेळापत्रक करण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेला, सुट्टीचा वार व पाळी विचारणारा एक पानी तक्ता.