बालक आणि मोठ्यांची नजर – लेखांक ६ : दांडगाईची दखल

आक्रमकता म्हणजे दुसऱ्याला दुखावण्याच्या किंवा त्याच्या हातचे हिसकावून घेण्याच्या रोखाने केलेले वर्तन, आणि ते कोणत्या वयात कोणते रूप घेते हे मागील लेखांकात पाहिले. परंतु ते समोरच्या मोठ्या माणसाच्या प्रतिसादातूनही घडत जाते, आणि हा प्रतिसाद मुलगा व मुलगी यांना सारखा मिळतोच असे नाही.

या संदर्भात अमेरिकेतील बेव्हर्ली फॅगट व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मार्मिक आहे. खेळगटांतील १३-१४ महिन्यांच्या बालकांमध्ये ओढणे, ढकलणे, मारणे यांचे प्रमाण मुलगे व मुली यांच्यात सारखेच होते, आणि हातवारे वा बडबड यांतून मोठ्यांशी संवाद साधण्याच्या धडपडीतही फरक नव्हता; फरक होता तो सांभाळणाऱ्यांच्या लक्ष देण्यात. मुलग्याच्या दांडगाईची दखल घेतली जाई, तर मुलीच्या दांडगाईकडे बहुधा काणाडोळा होई. उलट तिने हळूच खूण केली तरी तिला प्रतिसाद मिळे, जो मिळवण्यासाठी मुलग्याला रडारड करावी लागे. अकरा महिन्यांनी हीच बालके पाहिली तेव्हा मुलगे अधिक दांडगट आणि मुली शिक्षकांशी अधिक बोलणाऱ्या झाल्या होत्या, आणि शिक्षकांच्या वागण्यातला भेदभाव मात्र दिसेनासा झाला होता, कारण ते आता समोर दिसणाऱ्या वर्तनालाच प्रतिसाद देत होते. या टप्प्यावर प्रथमच तिथे डोकावणाऱ्याने सारा फरक उपजत ठरवला असता. अर्थात नमुना लहान होता, आणि तेवढ्यावरून सगळे खापर मोठ्यांच्या माथी फोडणे उतावीळपणाचे होईल.

रागावल्याने दांडगाई वाढते कशी, हा प्रश्न येथे साहजिक आहे. ज्या परिणामामुळे एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते त्याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात, आणि लहान मुलाला मोठ्यांचे लक्ष इतके हवे असते की ओरडाही प्रबलन ठरू शकतो. लिसा सर्बिन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये १५ बालवर्गांचे निरीक्षण नोंदवले, त्यात मुलग्यांच्या आक्रमकतेला शिक्षिकांचा प्रतिसाद अधिक वेळा आणि अधिक चढ्या आवाजात मिळत होता.

दखल अधिक घेतली म्हणजे कृत्य अधिक गंभीर मानले, असेही नव्हे. जॉन काँड्री व डेव्हिड रॉस यांच्या १९८५ च्या प्रयोगात, बर्फात धसमुसळेपणा करणारी, जाड कपड्यांमुळे मुलगा की मुलगी हे न ओळखू येणारी दोन बालके चित्रफितीत दाखवली गेली. ती दोघेही मुलगे आहेत असे सांगितले गेलेल्या प्रेक्षकांना तेच दृश्य इतरांपेक्षा कमी आक्रमक वाटले. ‘पोरगाच तो, दंगा करणारच’ या मराठी घरांतल्या उद्गाराशी हे जुळते खरे, पण वर्गात ओरडणारा शिक्षक आणि चित्रफीत पाहणारा प्रेक्षक यांच्या भूमिका वेगळ्या असतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या सर्व निरीक्षणांचा रोख हातघाईवर आहे; कट्टी करणे, खेळात न घेणे, चहाडी करणे ही मोठ्यांच्या सहसा कानी न पडणारी आक्रमकता पुढील लेखांकाचा विषय आहे.