श्वासमार्गाचा पहारेकरी

रायपूर येथे १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि २०१२ साली त्याच शहरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे कार्य सुरू झाले. छत्तीसगडच्या दूरदूरच्या गावांतून तेथे येणाऱ्या रुग्णांत टॉन्सिल, म्हणजे घशातील वाढलेल्या गाठी, काढण्यासाठी आणलेली लहान मुलेही असतात. ही शस्त्रक्रिया तशी नित्याची. परंतु ती संपल्यानंतरची काही मिनिटे भूलतज्ज्ञाची कसोटी पाहतात. मूल भुलीतून जागे होत असते आणि जागे होता होता त्याला खोकला येतो.

हा खोकला का येतो? शस्त्रक्रिया चालू असताना मुलाच्या तोंडावाटे श्वासनलिकेत एक नळी बसविलेली असते. तिच्यातून प्राणवायू फुप्फुसांत जातो. भूल उतरू लागली की स्वरयंत्राच्या नाजूक अस्तरास नळीचा स्पर्श जाणवतो. ती संवेदना मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या तळाशी पोहोचते, तेथून आज्ञा सुटते आणि छातीचे व पोटाचे स्नायू आवळून हवा जोराने बाहेर फेकतात. जखमेतून ओघळलेले थोडेसे रक्तही एवढ्यास पुरते.

टॉन्सिलची जखम बहुधा उघडीच ठेवतात. खोकल्याने शिरांतील दाब वाढतो व थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागण्याची भीती असते. त्याहून मोठे संकट म्हणजे स्वरतंतू एकमेकांस घट्ट मिटून श्वासमार्गच बंद होणे. वजनाच्या मानाने मुलास प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट प्राणवायू लागतो. म्हणून श्वास अडला की ते फार लवकर निळे पडते.

मग खोकला समूळ बंद का करू नये? कारण तोच श्वासमार्गाचा पहारेकरी आहे. तो निजला तर रक्त निमूटपणे फुप्फुसांत उतरेल. खोकल्यावरील कोडीन या जुन्या औषधाची कथा येथे बोधप्रद आहे. वेदनाशामक म्हणूनही ते मुलांना देत असत. काही मुलांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनमध्ये इतक्या वेगाने रूपांतर होते की श्वासच मंदावतो. अशी काही मुले दगावल्यानंतर, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना ते देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली दिला.

तेव्हा पहारेकऱ्याला मारावयाचे नाही, केवळ क्षणभर शांत करावयाचे. प्रथम घसा शोषून स्वच्छ करतात. मऊ टाळूच्या मागे दडून राहणारी रक्ताची गुठळी आवर्जून पाहतात. मुलास कुशीवर वळवितात. नळी काढावयाची ती मूल गाढ भुलीत असताना तरी, नाहीतर पूर्ण जागे झाल्यावर तरी. अर्धवट जागेपणीची वेळ सर्वांत धोक्याची. लिग्नोकेन हे स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेले औषध दंतवैद्य हिरडी बधिर करण्यास वापरतात. ते शिरेतून दिल्यास खोकला शमतो, असे स्टाइनहाउस व गॅस्किन या संशोधकांनी १९६३ सालीच, म्हणजे रायपूरचे महाविद्यालय निघाले त्या वर्षी, प्रसिद्ध केले. नळी काढण्याआधी दिलेल्या या औषधाचा अंमल काही मिनिटांत ओसरतो, आणि हाच त्याचा गुण होय. अलीकडे डेक्समेडेटोमिडीनही देतात. त्याने मूल शांतपणे जागे होते, मात्र थोडे उशिरा.

या कामी आईवडिलांचाही वाटा आहे. सर्दी झालेल्या मुलाचा श्वासमार्ग पुढे काही आठवडे हुळहुळा राहतो. घरातील विडी-सिगारेटच्या धुरानेही तसेच होते. लांबून आलेल्या पालकांना, मिळालेली तारीख हुकेल या भीतीने, सर्दीची गोष्ट सांगू नये असे वाटणे साहजिक आहे. परंतु ती आधी कळली तर भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया पुढे ढकलू शकतो किंवा अधिक सावध राहू शकतो. पुन्हा एकदा करावा लागणारा प्रवास मुलाच्या श्वासापेक्षा महाग नाही.