फादर दिब्रिटो रस्त्यावर का उतरले होते?

'पास्टर' या लॅटिन शब्दाचा अर्थ मेंढपाळ. चर्चमधल्या धर्मगुरूचं कामही तेच मानलं जातं: कळप सांभाळायचा, लांडगा आला की पळायचं नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत बागायती जमिनी बिल्डरांकडे जाऊ लागल्या. विहिरींचं पाणी टँकरमधून विकलं जात होतं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई संरक्षण समिती'च्या आंदोलनात उतरले. पाणी आटलं तर नुकसान फक्त ख्रिस्ती शेतकऱ्याचं होत नाही. म्हणूनच या लढ्यात सगळ्या धर्मांचे वसईकर होते.

२०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा 'ख्रिस्ती धर्मगुरू' म्हणून विरोधही झाला. तरी त्यांनी अध्यक्षपद सोडलं नाही. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.